३१ अंशांची रेघ

पुण्याजवळच्या एका कारखान्यात चाचणी विभागाच्या भिंतीवर पारदर्शक पॉलिकार्बोनेटची एक पेटी ठोकलेली आहे. तिच्यात करंगळीएवढी, जाड काचेची, दोन्ही टोकांना बंद केलेली नळी आहे आणि नळीत आहे कार्बन डायऑक्साइड. मे महिन्यातल्या एका सकाळी सात वाजता मी तिच्यासमोर उभा राहिलो, तेव्हा नळीच्या मध्यावर एक स्वच्छ आडवी रेघ दिसत होती. रेघेखाली द्रव, रेघेवर वायू. खोलीचं तापमान होतं २४ अंश.

साडेदहाला चहा घेऊन परत आलो तेव्हा रेघ धूसर झाली होती, जणू कुणी काचेवर श्वास सोडला होता. आणखी थोड्या वेळाने नळीत दुधाळ ढग भरला, मग तोही विरला. आता आत काय आहे, द्रव की वायू, हा प्रश्नच उरला नव्हता. नळीत एकसंध, पारदर्शक असं काहीतरी होतं. पाऱ्याने ३१ अंश ओलांडले होते.

बेलफास्टमध्ये थॉमस अँड्र्यूज यांनी हेच पाहिलं आणि १८६९ साली रॉयल सोसायटीपुढे मांडलं. वायू आणि द्रव या दोन वेगळ्या वस्तू नव्हेत, एका ठरावीक बिंदूपलीकडे त्यांच्यातली सीमाच नाहीशी होते, हे जगाला कळलं ते कार्बन डायऑक्साइडच्याच प्रयोगांतून. तो बिंदू ३१ अंश सेल्सिअस आणि सुमारे ७४ बार दाबाचा. बेलफास्टमध्ये तिथवर पोहोचायला नळी मुद्दाम तापवावी लागते. आपल्याकडे मेच्या सकाळी चहा पिऊन होईपर्यंत ते आपोआप घडतं. या वायूवर चालणाऱ्या शीतयंत्रांची महाराष्ट्रातली सगळी अडचण आणि सगळी संधीही या एका रेघेभोवती आहे.

मी गेलो होतो ते नळीसमोरचं यंत्र पाहायला. साधारण दहा टन शीतक्षमतेचं, तीन वेगवेगळ्या पद्धतींनी चालवता येईल असं बांधलेलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्याजवळ बसायचं आणि ऊन चढत जाताना कोणती रचना कशी वागते ते पाहायचं, एवढाच बेत होता. यंत्र सांभाळणारे गृहस्थ साठीला आलेले. बर्फाच्या कारखान्यांत अमोनियावर त्यांचं उभं आयुष्य गेलेलं. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणू लागलो.

या वायूकडे पुन्हा वळण्याचं कारण एका आकड्यात सांगता येतं. फ्रीझरमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या आर-४०४ए या गॅसचा एक किलो गळाला, तर हवा तापवण्याच्या हिशेबात ते जवळजवळ चार टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं असतं. गॅस गळतो हे प्रत्येक मेकॅनिकला ठाऊक आहे. दर उन्हाळ्यात गॅस भरायला बोलावणं येतं ते त्यामुळेच. आर-४०४एसारख्या एचएफसी गॅसांचा वापर घटवणाऱ्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ साली मान्यता दिली. आपल्यासाठी या गॅसांचा वापर २०२८ मध्ये गोठवला जाईल, २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी होईल आणि २०४७ पर्यंत त्यात ८५ टक्के कपात करायची आहे. आज बसवलेलं शीतगृहाचं यंत्र वीस वर्षं चालतं. म्हणजे हा निर्णय २०४७ चा नाही, यंदाचा आहे.

वायू मात्र नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या जे. अँड ई. हॉल कंपनीने कार्बन डायऑक्साइडची यंत्रं जहाजांवर बसवली आणि गोठवलेलं मांस त्यांच्या भरवशावर समुद्रापार जाऊ लागलं. जहाजाच्या पोटात अमोनिया गळला तर पळायला जागा नसते, म्हणून हा त्यामानाने निर्धोक वायू. पण जहाज उष्ण समुद्रात शिरलं की यंत्राचा जोर ओसरायचा, कारण त्याला थंड करणारं समुद्राचं पाणीच कोमट असायचं. १९३० नंतर फ्रिऑन नावाचे गॅस आले आणि कार्बन डायऑक्साइड अडगळीत गेला. तो बाहेर काढला नॉर्वेच्या ट्रॉनहाइममधले प्राध्यापक गुस्ताव लॉरेंट्झन यांनी, १९८०च्या दशकाच्या अखेरीस. त्यांच्या पेटंटचा गाभा नवा वायू किंवा नवा कॉम्प्रेसर नव्हता. रेघेपलीकडे काम करताना वरच्या बाजूचा दाब मुद्दाम कमीजास्त करून यंत्राची ताकद आणि वीज दोन्ही सांभाळायची, ही ती कल्पना. या वायूचा पुनर्जन्मच नियंत्रणाच्या कल्पनेतून झाला, हे मला महत्त्वाचं वाटतं. आजही रचनांची तुलना करताना लोक आकृत्या शेजारी शेजारी ठेवतात आणि व्हॉल्व्ह कोण, कसा चालवणार हा विषय शेवटच्या पानावर ढकलतात. माझ्या मते ही तुलनाच चुकीच्या टोकाने सुरू होते.

सकाळी सातला यंत्र अगदी शहाण्यासारखं चालू होतं. बाष्पीभवन उणे ८ अंशांवर, म्हणजे २८ बार. छतावरच्या कूलरमधून वायू २७ अंशांना बाहेर येत होता, ७० बारच्या आसपास, नेहमीच्या फ्रिजसारखा द्रवरूप होऊन. तिथून तो व्हॉल्व्हमधून ३५ बारच्या रिसीव्हरमध्ये, म्हणजे साठवणटाकीत, पडतो. पडताना त्याचा काही भाग उकळून पुन्हा वायू होतो. उरलेला द्रव थंडावा द्यायला जातो. या वायू झालेल्या भागाला धंद्यात फ्लॅश गॅस म्हणतात. थंडावा तो देत नाही, पण त्याला वर चढवायला वीज मात्र लागते.

ही गोष्ट किती मोठी आहे ते मी वहीत मांडून पाहिलं. आकडे गुणधर्मांच्या तक्त्यांवरून घेतलेले, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरलेली. कूलरमधून २७ अंशांना आलेल्या वायूचा सुमारे एक तृतीयांश भाग फ्लॅश होतो. दुपारी तोच वायू ४० अंशांना, १०० बारला बाहेर येतो तेव्हा जवळजवळ निम्मा. साध्या रचनेत हा फ्लॅश गॅस एका व्हॉल्व्हमधून खालच्या २८ बारला सोडून देतात आणि तिथून सगळा पुन्हा १०० बारला चढवतात. तिसऱ्या मजल्यावरचं पाणी तळमजल्याच्या टाकीत सोडायचं आणि मग गच्चीवर चढवायचं, तसं हे आहे. परिणाम असा की एक युनिट विजेत सकाळी पावणेतीन युनिटांच्या वर थंडावा मिळतो, आणि दुपारी दीड. शेजारी आर-४०४एचं चांगलं यंत्र त्याच दुपारी दोनच्या आसपास राहील. उत्तर युरोपात हजारो दुकानं याच साध्या रचनेवर सुखाने चालतात. डेन्मार्कने तर २००७ पासूनच दहा किलोंपेक्षा जास्त एचएफसी लागणाऱ्या नव्या यंत्रांना मज्जाव केला. पण तिथली रचना इथे आहे तशी आणून उभी केली, तर मेच्या दुपारी ती हरते. हे लपवून कुणाचंही भलं होणार नाही.

अकराच्या सुमाराला काकांनी मान वर केली. मला काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं.

"ऐका सर, श्वास लागलाय त्याला."

मग मलाही जाणवलं. कॉम्प्रेसरचा सूर हळूहळू चढत होता, उतरत होता, पुन्हा चढत होता. पडद्यावर वरचा दाब ७९ वरून ८८ ला जाई आणि मिनिटभरात परत खाली येई. रिसीव्हरचा दाब त्याच्या मागोमाग झुलत होता. याला हंटिंग म्हणतात. यंत्र बंद पडत नाही, त्याचा बोभाटाही होत नाही, आणि वीज मात्र दिवसभर जात राहते.

या यंत्रातले हात एकमेकांत कसे अडकलेले आहेत ते इथे कळतं. वरच्या दाबाचा व्हॉल्व्ह उघडला की रिसीव्हरमध्ये जास्त वायू येतो. रिसीव्हरचा दाब वाढला म्हणून फ्लॅश गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. तो वायू सक्शनला, म्हणजे कॉम्प्रेसरच्या तोंडाशी, आला की कॉम्प्रेसर जोरात फिरतो. कॉम्प्रेसर जोरात फिरला की वरचा दाब चढतो. वरचा दाब चढला की पहिला व्हॉल्व्ह आणखी उघडतो. सगळ्यांनीच आपलं काम चोख केलं आणि तरी घराचा ताल बिघडला.

रेघेच्या जवळ हा खेळ अधिकच चिघळतो, कारण तिथे वायूची घनता अतोनात हळवी असते. ४० अंशांवर, ८० बारला एका घनमीटरमध्ये सुमारे २८० किलो वायू मावतो, ९० बारला सुमारे ४८५ आणि १०० बारला ६३० च्या आसपास. दाब वीस बारने वाढला आणि माल दुपटीहून जास्त झाला. ३३-३४ अंशांना तर याहून लहान बदलाने तेवढाच फरक पडतो. दुपारच्या उन्हासाठी जुळवलेला चपळ व्हॉल्व्ह सकाळी अकराला म्हणूनच सैरभैर होतो. काकांनी वरच्या दाबाच्या व्हॉल्व्हचा वेग मुद्दाम मंदावला, रिसीव्हरचा व्हॉल्व्ह चपळ ठेवला, आणि वीस मिनिटांत सूर सरळ झाला. एकाने घाई करायची तर दुसऱ्याने थांबायचं. दोघेही सारखेच घाईचे असले तर यंत्र शांत होत नाही.

पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. ते शिडी लावून छतावर गेले, मी मागोमाग. कूलरच्या बाहेरच्या नळीवर तापमानाचा सेन्सर पट्टीने बांधलेला होता, आणि त्यावरचा काळा फोम सरकून सेन्सरवर थेट ऊन पडत होतं. काकांनी हातातला थर्मामीटर लावला. सेन्सर दोन अंश जास्त सांगत होता. दोन अंशांनी काय होतं? या प्रश्नाचं उत्तर भारतातच लिहिलं गेलं आहे. आयआयटी खरगपूरचे जहर सरकार, सौविक भट्टाचार्य आणि एम. राम गोपाल यांनी २००४ साली, कूलरमधून बाहेर पडणाऱ्या वायूच्या तापमानावरून सर्वांत फायदेशीर दाब काढण्याचं एक सूत्र प्रसिद्ध केलं. उणे ८ अंश बाष्पीभवनासाठी ते चालवलं तर ३५ अंशांना सुमारे ८८ बार येतात, ४० ला १०० आणि ४५ ला ११२. एका अंशाला जवळजवळ अडीच बार. म्हणजे सरकलेल्या फोमच्या तुकड्यामुळे यंत्र दिवसभर पाच बार जास्त दाबाने राबत होतं.

त्यातल्या त्यात ही चूक वरच्या बाजूला होती हे बरं. ४० अंशांना १०० ऐवजी ९० बार ठेवले, तर माझ्या हिशेबाने प्रत्येक किलो वायूमागे मिळणारा थंडावा जवळजवळ चौथाईने घटतो. ११० ठेवले तर नुकसान फारच थोडं. कड्याच्या एका बाजूला सरळ तुटलेली दरी आणि दुसऱ्या बाजूला उतरंडीचं पठार, अशी ही जागा आहे. ढोबळ नियम म्हणून मेकॅनिकला इतकंच शिकवलं तरी पुष्कळ काम होईल.

काकांनी फोम बसवला, वरून ॲल्युमिनियमची पट्टी गुंडाळली, आणि खाली येऊन वहीत वेळ लिहिली.

दुपारी अडीचला हवा ३८ अंश, कूलरमधून वायू ४० अंशांना. आता दुसरी रचना चालू केली. तिच्यात फ्लॅश गॅसला खाली न सोडता एक वेगळा कॉम्प्रेसर त्याला रिसीव्हरच्या दाबावरूनच वर नेतो. पाणी तिसऱ्या मजल्यावरूनच गच्चीवर. हिशेबात दीडचे १.७ च्या जवळ होतात, आणि तेही ऐन दुपारच्या उन्हात. मात्र सकाळी, हिवाळ्यात, फ्लॅश गॅस कमी असताना हा कॉम्प्रेसर अर्धपोटी चालू-बंद होत राहतो. त्याला वेग बदलणारा ड्राइव्ह आणि केव्हा थांबायचं याची नीट शिकवण लागते.

तिसरी रचना इजेक्टरची. नाशिक-जळगावकडच्या शेतकऱ्याला ती समजावून सांगायला एक वाक्य पुरतं, ती ठिबकच्या व्हेंचुरीची भावंड आहे. व्हेंचुरीत पाणी अरुंद तोंडातून वेगाने जाताना बाजूच्या नळीतून खत ओढून घेतं. इजेक्टरमध्ये १०० बारचा वायू अरुंद तोंडातून सुसाटतो आणि बाजूने २८ बारचा वायू ओढून, त्याला काही बार वर उचलून रिसीव्हरमध्ये टाकतो. व्हॉल्व्हमध्ये जी ताकद नुसती वाया जात होती, तिच्यातली थोडी परत मिळाली. नॉर्मन गे या अमेरिकन संशोधकाने १९३१ सालीच हे पेटंट घेतलं होतं. ते बाजारात यायला सत्तर वर्षं लागली, कारण व्हेंचुरीचं तोंड एकाच प्रवाहाला जुळतं आणि दुकानाचा भार तासातासाला बदलतो. आता लहानमोठे अनेक इजेक्टर शेजारी बसवतात आणि सुट्या नाण्यांसारखे जुळवतात. लागेल तेवढेच उघडायचे. त्यांचा आणखी एक फायदा, आणि माझ्या मते तोच मोठा. बाष्पकातून थोडा द्रव बाहेर आला तरी इजेक्टर तो उचलून परत रिसीव्हरमध्ये टाकतो, त्यामुळे बाष्पक पूर्ण ओला चालवता येतो. तोच थंडावा उणे ८ ऐवजी उणे २ अंशांवर मिळू शकतो, म्हणजे सक्शन २८ बारऐवजी ३३. हिशेब १.८ च्या पुढे सरकतो आणि आर-४०४एच्या शेजारी जाऊन बसतो. चेन्नईच्या आयआयटी मद्रासमध्ये नॉर्वेच्या सहकार्याने असंच बहु-इजेक्टर यंत्र भारतीय उन्हाळ्यासाठी तपासलं गेलं आहे. हा रस्ता कागदावरचा राहिलेला नाही.

तरीही मला कुणी विचारलं, की महाराष्ट्रात पहिला रुपया कुठे घालावा, तर मी कूलरच्या बाहेर लावलेल्या ओल्या पॅडवर घाला म्हणेन. विदर्भात वाळ्याच्या ताट्या आणि नंतर आलेले घरगुती कूलर हेच करतात. नागपुरात ४३ अंश, हवेत २० टक्के आर्द्रता असताना चांगल्या पॅडमधून हवा साडेअठ्ठावीस अंशांच्या आसपास बाहेर येते. मुंबईत ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असताना त्याच पॅडमधून बाहेर येणारी हवाही साडेअठ्ठावीसच. हे गणित मी तीनदा तपासलं. दहा अंशांनी वेगळी असलेली दोन शहरं कार्बन डायऑक्साइडच्या दृष्टीने एका दारात येऊन उभी राहतात, आणि दोन्हीकडे यंत्र रेघेच्या आसपास परत येतं. बाकी सगळ्या युक्त्या ४० अंशांची शिक्षा सौम्य करतात, पॅड ती शिक्षाच टाळतो.

किंमत आहे ती पाण्याची. मेमध्ये विदर्भात पाणी उधळणारं यंत्र बसवायला मला जड जातं. पाणी जड असेल तर पॅड फक्त बारा ते पाच चालवावा आणि क्षारांची देखभाल मनापासून करावी. पाणी नसेलच तर कूलरनंतर प्रोपेनचं एक छोटं यंत्र लावून वायू आणखी दहा-पंधरा अंश गार करता येतो. लहान दुकानासाठी मला हे इजेक्टरपेक्षा बरं वाटतं, कारण ते गावातल्या मेकॅनिकला कळतं.

एक जागा मात्र अशी आहे, जिथे या वायूचा दोषच त्याचा गुण होतो. दूध संकलन केंद्रात ३५ अंशांचं धारोष्ण दूध ४ अंशांवर आणायचं असतं, आणि त्याच आवारात भांडी, टाक्या, पाइप धुवायला कढत पाणी लागतं. रेघेपलीकडचा वायू एका तापमानाला अडून द्रवरूप होत नाही. तो शंभराच्या आसपासच्या तापमानापासून उतरत उतरत गार होतो, आणि त्याच्या उलट दिशेने येणारं पाणी चढत चढत तापतं. जपानमध्ये २००१ पासून इको क्यूट नावाचे घरगुती बंब याच तत्त्वावर चालतात आणि ९० अंशांपर्यंत पाणी देतात. हजार लिटर दूध गार करताना, एका युनिट विजेला अडीच युनिट थंडावा धरला, तर जवळजवळ १४ युनिट वीज लागते. बाहेर टाकायच्या उष्णतेत २५ अंशांचं साडेसातशे लिटर पाणी ८० अंशांपर्यंत तापतं. तिकडे बॉयलरमध्ये जळणारं लाकूड वाचतं, इकडे पाण्याने वायू चांगला गार होतो म्हणून यंत्र सुधारतं. सांगली-कोल्हापूरकडे, संगमनेरला, गावोगाव जिथे दूध गोळा होतं तिथे हे यंत्र मला पाहायचं आहे. सुपरमार्केट नंतर आलं तरी चालेल.

चारला लाइट गेली. कॉम्प्रेसर थांबले आणि त्या शांततेत काका पहिल्यांदा रिसीव्हरच्या गेजकडे गेले. या वायूची भीती म्हणतात ती हीच: यंत्र थांबलं की आतला द्रव तापत जातो आणि दाब चढतो. ० अंशांना ३५ बार, २५ अंशांना ६४. इथल्या रिसीव्हरचा सुरक्षा व्हॉल्व्ह ६० बारला उडतो. त्याआधीच इन्व्हर्टरवरचं छोटं यंत्र सुरू होऊन रिसीव्हर गार ठेवतं.

"अमोनिया नाकाला कळतो," काका म्हणाले. "हा नाही कळत. हा खाली साचतो, जमिनीलगत." म्हणून सेन्सर गुडघ्याच्या उंचीवर आहेत.

मग त्यांनी पहिल्यांदा गॅस भरला तेव्हाची गोष्ट सांगितली. रिकाम्या यंत्रात त्यांनी सवयीप्रमाणे सरळ द्रव सोडला आणि नळी आतून गच्च झाली. सव्वापाच बारच्या खाली हा वायू द्रव राहूच शकत नाही, त्याचा कोरडा बर्फ होतो. आता आधी वायू भरून दाब दहा बारवर नेतात, मगच द्रव. सुरक्षा व्हॉल्व्हच्या पुढे लांब नळी जोडत नाहीत तेही यासाठीच. नळीत बर्फ अडकला तर व्हॉल्व्ह उडूनही उपयोग नाही. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आयटीआयच्या पुस्तकात हा वायू तेव्हा नव्हता. त्यांच्या हाताखाली तीन मुलं आहेत, त्यांना ते रोज एक गोष्ट वहीत लिहायला लावतात. ती वही मी चाळली. पहिल्या पानावर गॅस भरण्याचा क्रम, दुसऱ्यावर दाबाचा तक्ता. आज तिसऱ्या मुलाने लिहिलं होतं: सेन्सरवर ऊन, दोन अंश, पाच बार.

पस्तीस मिनिटांनी लाइट आली तेव्हा गेज ३६ वरून ४१ वर होता. यंत्र पुन्हा लागलं, सूर सरळ होता.

सातनंतर वारा सुटला. निघण्याआधी मी भिंतीवरच्या पेटीपाशी गेलो. नळी अजून रिकामी असल्यासारखी स्वच्छ दिसत होती. मोठं शटर उघडून काकांनी पंखा तिच्याकडे वळवला आणि आम्ही दोघे वाट पाहत उभे राहिलो. आधी मध्यावर दुधाळ पट्टा आला. मग तो दाट झाला, त्यातून बारीक थेंब खाली उतरू लागले, आणि नळीच्या बरोबर मध्यावर रेघ परत उमटली.

"एकतीसच्या खाली आलो," काका म्हणाले, आणि वहीत वेळ लिहायला गेले.